दाराजवळची वाळू

दगडूच्या दाराशी पोचले, तर उंबऱ्यापासून हातभरावर वाळूचा ढीग पडलेला. नुसतं बघून काही कळत नाही. तापलेली वाळू लाल होत नाही, तिच्यातून वाफ निघत नाही. निवलेली वाळू दिसते तशीच ती दिसते. पण मी भट्टीवाल्याची लेक. ढिगावरून हात फिरवला, न टेकवता, आणि मागं घेतला.

"अक्का, भाच्याला बघाय आलीस का वाळूला?" आतून दगडूचा आवाज आला. दगडू माझा धाकटा भाऊ.

"वाळू आडवी आली, म्हणून तिला आधी बघितलं," मी म्हणाले आणि वळसा घालून आत गेले.

आमच्या घरची चुरमुऱ्याची भट्टी. मोठ्या कढईत वाळू तापवायची, मिठाच्या पाण्यात मुरवलेले तांदूळ तिच्यात टाकायचे, ते फुलले की सगळं चाळणीवर ओतायचं. चुरमुरे वर राहतात, वाळू खाली पडते आणि परत कढईत जाते. घोळून घोळून ती काळी पडली की काढून दाराबाहेर टाकायची आणि नवी घ्यायची. टाकलेली वाळू निवली की गल्लीतली पोरं तिच्यातच खेळतात. घरात भट्टी, मागच्या परड्यात तुसाची पोती, पोरांना दुसरी जागा कुठली.

त्या दिवशी दगडूच्या मुलाचं बारसं होतं. पहिली मुलगी, मंगी, सहा-सात वर्षांची. तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी हा मुलगा झाला. बाळंतपणाला माहेरी गेलेली शालन, दगडूची बायको, पोर उपडं पडायला लागल्यावर परत आली, म्हणून बारसं लांबलं. त्यात यल्लम्माची जत्रा तोंडावर आलेली. जत्रेला पोत्यानं चुरमुरे लागतात, त्यामुळं बारशाच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत भट्टी चालूच होती.

मंगी सोप्यात भावाला कडेवर घेऊन उभी होती. पोराच्या वजनानं एका बाजूला कलून, कमर बाहेर काढून, चार लेकरांची आई उभी राहते तशी.

"मंगे, शाळा न्हाई आज?" मी विचारलं.

"आज न्हाई."

"काल गेलतीस?"

"कालबी न्हाई." तिनं बाळाला वर उचलून पुन्हा कमरेवर बसवलं. "ह्याला कोण बघणार, आत्ती? आई भट्टीवर असती."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. मोठी माणसं बोलतात तसं बोलली. मी पिशवी खाली ठेवली. पिशवीत मी शिवलेली कुंची होती, हिरव्या खणाची, कडेला लाल गोट लावलेली. आमच्यात नाव आत्या ठेवते. बाळाला मांडीवर घ्यायचं, त्याच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि मागून बायका पाठीत धपाटे घालतात. मंगीच्या बारशाला मी स्वतः बाळंतीण होते, जमलं नव्हतं. ह्या वेळी एस्टीच्या दोन गाड्या बदलून आले होते.

दगडू भट्टीच्या खोलीतून घाम पुसत बाहेर आला. त्याचा उजवा पाय आखडलेला. तीन बोटं एकमेकांना चिकटलेली, टाच टेकत नाही. चालताना तो आधी गुडघा पुढं टाकतो आणि पाय मागून ओढून घेतो.

"दगडू, ही वाळू परड्यात टाकत जा," मी म्हणाले. "पोरगं रांगायला लागंल आता."

तो थांबला. माझ्याकडं बघून हसला.

"तू सांगतीस मला?"

"सांगते म्हणजे, आपलं सुचलं ते."

"आज्ज्यापास्नं वाळू हितंच पडती. परड्यात न्यायची म्हंजे तापलेली पाटी घरातनं न्यायची. आणि वाळू उठून कुणाच्या पायाला लागाय येत न्हाई, अक्का. बघणाऱ्यानं बघाय पायजे." त्यानं मंगीकडं मान केली. "मंगीला सांगितलंय मी. नजर हलवायची न्हाई. हलली की काय हुतं ते दाखवलंय तिला." आणि त्यानं पाय थोडा पुढं केला.

मंगीनं पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

ती गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होती. मलासुद्धा. दगडू नुकता पावलं टाकायला लागला होता. असेच जत्रेचे दिवस. आमचे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, आणि त्यांची बहीण गिरजाआत्ती, दोघं बाजारात पाल टाकून विकायला बसलेले. आई कढईपुढं. कढईत तांदूळ पडले की हात थांबवता येत नाही, थांबला की करपतात. म्हणून दगडूला बघायचं काम माझं. आणि मी खडे खेळत बसले. उंबऱ्यात पाय सोडून, एक खडा वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. दगडू माझ्या मागून बाहेर गेला. सकाळी ज्या ढिगात तो खेळला होता, तिथंच नवी वाळू पडली होती. त्याला ती तीच वाळू वाटली. त्यानं उजवा पाय आत घातला. मला ते आजही दिसतं. पाय आत जाताना, वरून वाळू घरंगळून घोट्यावर येताना. ओरडायच्या आधी तो जरा वेळ नुसता पायाकडं बघत राहिला होता.

त्या दिवशी आप्पांनी मला मारलं, ते एकदाच. गिरजाआत्तीनं हात लावला नाही. ती बोलत राहिली, पुढची सगळी वर्षं. माझी शाळा बंद झाली. एक पोर सांभाळता येत नाही तिला अक्षरं कशाला, असं आत्ती म्हणाली आणि ते सगळ्यांना पटलं. पुढं केस पांढरे झाल्यावर मी अक्षरं गिरवली, ती गोष्ट निराळी. दगडूला पोरं लंगड्या म्हणायची. लग्नाच्या वयात मुलीकडचे यायचे, त्याला चार पावलं चालायला लावायचे आणि चहा अर्धा टाकून उठायचे. दरवेळी घरात माझं नाव निघायचं. माझी दोन्ही लेकरं चालायला लागेपर्यंत मी ती लुगड्याच्या पदराला बांधून कामं केली. सासरची माणसं हसायची. मी सोडली नाहीत.

ऊन कलल्यावर बायका जमल्या. पाळण्याला झेंडूची माळ, खाली पाट, परातीत घुगऱ्या. गिरजाआत्ती भिंतीला टेकून मधोमध बसली. वयानं वाकली होती पण आवाज तसाच खणखणीत. आई पाळण्याची दोरी धरून कोपऱ्यात. आप्पा जाऊन तेव्हा वर्ष झालं असेल. आई तशीही कमी बोलायची, ते गेल्यापासून आणखी कमी.

शालननं बाळाला नवं अंगडं घातलं आणि हसत म्हणाली, "या वन्सं, बसा पाटावर. घ्या तुमच्या भाच्याला."

मी कुंची काढली. पाटाकडं वळले.

"शालन," दगडू दारातून म्हणाला, "तुझ्या भैणीला बसीव पाटावर."

शालनचे हात बाळासकट तसेच राहिले. "आवं, पण आत्या हाईत की."

"हाईत. म्हणूनच म्हणतुया." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "अक्कानं जेवावं, ऱ्हावं, आहेर घ्यावा. माझं काय न्हाई. पोर तिच्या हातात नगं. माझ्या जिवाला बरं वाटत न्हाई, एवढंच."

शेजारची एक बाई म्हणाली, "आरं, मांडीवर तर घ्यायचंय. कानात नाव सांगाय किती येळ लागतोय."

"येळ कुठं लागतोय," गिरजाआत्ती म्हणाली. "त्या दिशीबी किती येळ लागला हुता? खडा वर गेला आणि खाली आला, तेवढ्यात पाय गेला पोराचा. त्याचंबी खरं हाय. ज्याचं जळतंय त्यालाच कळतंय."

दोघीतिघी हसल्या, मग कुणी हसेना. मी कुंचीची घडी घातली. मला वाटलं, आता मी पाणी प्यायचं निमित्त करून आत जावं आणि संध्याकाळच्या गाडीनं निघावं.

"ती घरात नव्हती," आई म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की पलीकडच्या बायकांना कळलंच नाही.

"कोण नव्हती?" आत्तीनं विचारलं.

"ही हौसा. त्या दिशी घरात नव्हती ती. शाळंत हुती. मी धाडली हुती."

पाळण्याची दोरी आईच्या हातात होती आणि रिकामा पाळणा हलत होता. तिनं तो थांबवला.

"काय बोलतीस तू?" आत्ती पुढं सरकली. "मी बाजारातनं आले तवा ही पोरगी उंबऱ्यात बसली हुती. हातात खडे हुतं. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"बसली हुती. मीच आणून बसवली. खडेबी मीच दिलं हातात."

आई कुणाकडं बघत नव्हती. पुढ्यातल्या परातीकडं बघून बोलत होती, एकेक वाक्य उचलून ठेवल्यासारखं.

"मास्तर येऊन सांगून गेलं हुतं, पोरगी हुशार हाय, रोज धाडा. तुम्ही म्हणाला हुता, जत्रा हुईतोवर ती पोराला बघंल. मी म्हटलं, तुम्ही दोघं बाजारात, कुणाला कळतंय. परड्यातनं धाडली तिला. मला वाटलं, कढईबी बघीन आणि पोराकडंबी बघीन. दाराकडं पाठ हुती माझी. वाळूबी मीच टाकली हुती."

"आणि मग ही हितं कशी आली?" आत्तीनं विचारलं.

"शाळा देवळात भरायची तवा. पोराला पदरात गुंडाळून पळत गेले, हिला वर्गातनं वढून आणली. त्याच्या पायाला चुन्याची निवळी लावायच्या आधी हिला शिकवलं, काय सांगायचं ते." आईनं पहिल्यांदा मान वर केली आणि आत्तीकडं बघितलं. "माझी दोन पोरं आधी गेली हुती, वन्सं. तापानं गेली, पण तुम्ही म्हणाला, हिला पोरं राखता येत न्हाईत. वर्षभर माहेरी ठेवलंसा मला. ही पोरगी तुमच्याजवळ ऱ्हायली, आईबिगर. परत आणलंसा तवा काय म्हणाला हुता? पुन्हा काय झालं तर कायमची जा. मी काय करायचं हुतं? पोरगीला चार फटकं बसतील, दोन दिस लोक बोलतील आणि इसरतील, असं वाटलं मला."

मला त्या वर्षाचं एवढंच आठवतं की संध्याकाळी मी आत्तीजवळ झोपायची आणि आत्ती पाठ करून झोपायची.

दगडू उंबऱ्यावरून आत आला. गुडघा पुढं, पाय मागून. आईसमोर उभा राहिला.

"आई, आजच्या दिशी हे कुठनं काढलंस?"

"खरं हाय त्ये."

"लेकीचं तोंड उतरलेलं बघवलं न्हाई तुला. कळतंय मला. पण माझ्या पायावर असलं काय बाय रचू नगंस." त्याला राग आला होता असं नाही. त्याच्या मनात ते कुठं बसतच नव्हतं. इतकी वर्षं त्या पायावर तो उभा राहिला होता, आणि पाय असा का, हे त्याला ठाऊक होतं. तो माझ्याकडं वळला. "अक्का, तूच सांग. तू घरात हुतीस का शाळंत?"

शाळेत, एवढंच म्हणायचं होतं. आई माझ्याकडं बघत होती. शालन बघत होती, कडेला मंगी बघत होती. मी तोंड उघडलं.

आणि मला उंबरा दिसला. माझे सोडलेले पाय दिसले. खडा वर गेलेला दिसला, आणि मागून दगडू, त्याची उघडी पोटरी, कमरेचा करगोटा. त्याचा पाय वाळूत जाताना दिसला. शाळेचं काही दिसलं नाही. मी ते बाजूला सारून देवळाचा दगडी कट्टा डोळ्यांपुढं आणायला बघितलं, तर तिथंही वाळूच. आई सांगते ते खरं, हे मला कळत होतं. पण शब्द जिभेवर येईना, कारण जे दिसत होतं ते दुसरंच होतं.

मी गप्प राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पुरेसा वेळ.

"बघितलंस, आई?" दगडू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात माझ्याबद्दल माया होती, ते मला अजून सोसत नाही. "तू सांगून सुदिक तिला खोटं बोलवंना. लई सरळ हाय माझी अक्का. नजर चुकली, चुकली. तिनं कवा नाकारलं न्हाई."

गिरजाआत्तीनं लांब श्वास सोडला. "म्हातारपणी माणूस लेकीकडं झुकतंच," ती म्हणाली. "घ्या गं, दिवस बुडायच्या आत नाव ठेवा."

शालनची बहीण पाटावर बसली. बिचारीनं माझ्याकडं बघायचं टाळलं. कानात कुर्रर्र झालं, तानाजी नाव पडलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. शालननं मात्र माझ्या हातातली कुंची मागून घेतली आणि बाळाच्या डोक्यावर चढवली. दगडूनं ती राहू दिली. घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांनी खाल्ल्या, मीही खाल्ल्या.

बायका पांगल्यावर भट्टीतली शेवटची वाळू निघाली. दगडू पाटी घेऊन आला आणि ढिगावर ओतून आत गेला. मंगी बाळाला घेऊन दारात उभी होतीच. आई कोपऱ्यातून उठली. तिनं पाट उचलला, उंबरा ओलांडला आणि ढीग आणि दार यांच्या मधे पाट टाकून बसली.

"मंगे, त्याला दे हिकडं. जा, खेळ जा."

"बाबा म्हणालं, नजर..."

"माझी हाय नजर. जा तू. आणि उद्या शाळंत जायाचं."

"बाबा इचारतील."

"इचारलं तर म्हण, आजीनं धाडली. मोठ्यांदा म्हण."

मंगी दोन पावलं गेली, वळून बघितलं, मग पळाली. पळताना ती एका बाजूला कलत नव्हती. पुढं आई होती तोवर भट्टी पेटली की ती त्याच जागी बसायची, असं शालन सांगते. वाळूची जागा दगडूनं कधी बदलली नाही. आई बसायची तेवढी वर्षं मंगी शाळेत गेली.

मी आईजवळ जमिनीवर बसले. माझ्या गाडीला अवकाश होता. बाळ तिच्या मांडीवर मुठी चोखत होतं. तिनं ते माझ्याकडं दिलं नाही, मीही मागितलं नाही.

"तू गप का बसलीस?" तिनं विचारलं. "एवढी वर्सं गेल्यावर मी तोंड उघडलं. तू एक शब्द बोलायचा हुतास."

"मला दिसत होतं, आई."

"काय?"

"त्यानं वाळूत पाय घातला ते. मी खडे खेळत होते ते."

"तू नव्हतीस गं तिथं."

"ठाऊक आहे."

"मग दिसंल कसं?"

"त्या दिवशी वाटेत तू मला काय सांगितलं होतंस, आठवतं तुला?"

आईनं मान हलवली. आठवतं म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"तू म्हणालीस, कुणी विचारलं तर म्हणायचं, मी खडे खेळत होते, माझी नजर चुकली. मनातल्या मनात सारखं म्हणत राहा, म्हणजे सांगताना चुकायचं नाहीस." मी वाळूकडं बघितलं. "मी म्हणत राहिले."

आई बाळाच्या पायावरून हात फिरवत होती. उजव्या, मग डाव्या.

"बरं," ती म्हणाली. "मग शाळंत काय केलंस त्या दिशी, ते तरी सांग. मी कवा इचारलंच न्हाई."

मी आठवून बघितलं. मनापासून बघितलं. मास्तर असतील, फळा असेल, शेजारी कुणी मुलगी बसली असेल, काहीतरी शिकवलं असेल, मला ते आलं असेल किंवा आलं नसेल. मी शाळेत गेले तो शेवटचा दिवस होता, तेव्हा त्यातलं थोडं तरी राहायला हवं होतं. आई माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती.

"न्हाई आठवत," मी म्हणाले.

तिनं बाळाला छातीशी घेतलं आणि तोंड फिरवलं.

"म्हंजे तेबी मीच नेलं," ती म्हणाली.